लो हाउस फुटतं, हाय हाउस फुटत नाही: डावा डोळा डॉमिनंट असलेल्या उजव्या नेमबाजासाठी

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझे इथले पहिले दोन सीझन आठवले. तुम्ही लिहिलंय की उजव्या हाताचे आहात, इंग्लंडमध्ये तीन महिन्यांपासून दर रविवारी इंग्लिश स्कीटला (उंच हाय हाउस आणि बुटकं लो हाउस, दोन्हीकडून हवेत सुटणाऱ्या क्ले नावाच्या चकत्या शॉटगनने फोडायचा खेळ) जाता, डावा डोळा डॉमिनंट (मेंदू ज्याचं चित्र आधी धरतो तो) निघाला म्हणून इन्स्ट्रक्टरने चष्म्यावर टेप लावून दिली, तरी 25 पैकी 9-10 च्या पुढे गाडी सरकत नाही. शॉटगन सर्टिफिकेट हातात आलंय आणि बंदूक घ्यायची की आधी हा डोळ्याचा घोळ निस्तरायचा, असा प्रश्न आहे. आधी डोळा. बंदूक दोन महिने थांबली तर काही बिघडत नाही, पण उजव्या हाताचा स्टॉक (खांद्याला लागणारा दांडा) घेऊन बसलात तर तो तुम्हाला चुकीच्या खांद्याला बांधून ठेवेल, मी चार वर्षं तसाच बांधलेला होतो.

तुम्ही जाता जाता एक गोष्ट लिहिलीय ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चार नंबरच्या स्टँडवर (दोन्ही हाउसच्या मधोमधली उभं राहायची जागा) लो हाउसचं क्ले 'विचार न करता मारलं' की फुटतं, लीड द्यायला (क्लेच्या पुढे नेम धरायला) गेलं की चुकतं, आणि हाय हाउसचं काही केलं तरी फुटत नाही. हे नशीब नाही, ही भूमिती आहे.

शॉटगनला मागचा साइट नसतो, तुमचा डोळाच मागचा साइट. बंदूक उजव्या गालाला आहे पण मेंदू चित्र घेतोय डाव्या डोळ्याचं. दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटरचं अंतर आणि डोळ्यापासून पुढचा बीड (नळीच्या टोकावरचा छोटा मणी) अंदाजे एक मीटरवर. म्हणजे डाव्या डोळ्याने बीड आणि क्ले एका रेषेत आणलं की नळी प्रत्यक्षात डावीकडे बघत असते, आणि बीडच्या पुढे प्रत्येक मीटरला सहा सेंटिमीटर चूक वाढत जाते. चार नंबरवरून क्ले साधारण 20 मीटरवर फुटतं, तिथे ही चूक झाली मीटरभराहून थोडी जास्त. आता लो हाउस उजवीकडून डावीकडे जातं आणि त्याला तिथे लीड लागतो जवळपास तेवढाच! म्हणून सरळ क्लेवर मारलं की फुटतं, तुमच्या चुकीनेच लीड देऊन टाकला. वर मुद्दाम लीड दिलात की छर्रे दुप्पट पुढे. हाय हाउस डावीकडून उजवीकडे जातं, तिथे तीच चूक तुम्हाला क्लेच्या मागे ठेवते, अगदी पुस्तकातला लीड दिलात तरी मागेच. इन्स्ट्रक्टर म्हणत असेल 'मागे मारताय, अजून पुढे', तुम्ही पुढे जाता, मग लो हाउस पण बिघडतं, आणि माणूस वेडा होतो.

पण लगेच सगळं खापर डोळ्यावर फोडू नका, आधी टेस्ट नीट करा. हातांचा त्रिकोण करून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायची टेस्ट ठीक आहे पण तेवढीच पुरत नाही, माझी त्यात उजवा डोळा यायची आणि बंदूक खांद्याला गेली की डावा. त्यापेक्षा समोर कुणालातरी उभं करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्याच्या नाकाकडे झटकन बोट दाखवा, तो सांगेल बोट तुमच्या कुठल्या डोळ्याखाली येतंय. हे फक्त बोटाने, बंदुकीपुढे कधीही कुणी उभं राहायचं नाही, रिकामी असली तरी नाही. मग रेंजवर, इन्स्ट्रक्टरने उघडून रिकामी दाखवलेली बंदूक घेऊन दूरच्या झाडाच्या शेंड्यावर दोन्ही डोळे उघडे ठेवून माउंट करा (खांद्याला आणि गालाला लावा) आणि डावा डोळा मिटा. बीड जागेवर राहिला तर उजवा डोळा काम करतोय. बीड उडी मारून डावीकडे गेला तर डावा. थोडासाच सरकला, किंवा दर वेळी वेगळं येतंय, तर तुम्ही मधले आहात, असे लोक पण बरेच असतात, आणि त्यांचा त्रास जास्त कारण सकाळी चांगलं चालतं आणि दमल्यावर तिसऱ्या राउंडला डावा डोळा ताबा घेतो. ही टेस्ट सुरुवातीला एकदा आणि 75 कार्ट्रिज मारून झाल्यावर परत एकदा करा. आणि डोळे तपासून घ्या, उजव्या डोळ्याचा नंबर वाढलेला असेल आणि चष्मा जुना असेल तर मेंदू साहजिकच डाव्याकडे झुकतो.

आता टेप. तुम्ही लिहिलंय की क्लबहाउसमध्ये तुम्ही ताठ उभे असताना काचेच्या मधोमध लावली. म्हणूनच ती काम करत नाहीये. माउंट केल्यावर मान पुढे जाते, चेहरा थोडा खाली येतो, आणि आपण काचेच्या वरच्या, नाकाकडच्या भागातून बघतो. टेप तिथे हवी. रिकामी बंदूक माउंट करायची, उजवा डोळा मिटायचा, डाव्याने बीड बघायचा, आणि मदतनीसाने बाजूला उभं राहून टेपचा गोल तुकडा असा सरकवायचा की बीड त्याच्यामागे गायब होईल. बास, तेवढाच. पाच पेन्सच्या नाण्यापेक्षाही लहान, एक सेंटिमीटर पुरे, आणि काळी नको, धुरकट हवी, म्हणजे उजेड आत येतो, कडेने क्ले बाहेर पडताना दिसतं आणि फक्त बीडचं चित्र पुसलं जातं. चष्मा नाकावरून घसरला की सगळं हुकतं म्हणून मागे दोरी लावा.

आपल्या भारतातल्या लोकांचा एक सल्ला ऐकायला मिळेल, एक डोळा बंद कर की विषय संपला. पुण्या-मुंबईला रायफल-पिस्तूल करणारे जास्त, आणि तिथे न लागणाऱ्या डोळ्यापुढे पांढरट पट्टी लावली की खरंच विषय संपतो, कारण टार्गेट हलत नाही. 2002 च्या मँचेस्टर कॉमनवेल्थचं शूटिंग इथे इंग्लंडमधल्या बिस्लीच्या रेंजलाच झालं, अंजली भागवतने रायफलमध्ये चार गोल्ड घेतली आणि राज्यवर्धन राठोडने डबल ट्रॅप या शॉटगनच्या प्रकारात गोल्ड. ठिकाण एकच पण डोळ्याचं काम किती वेगळं! एकीकडे स्थिर ठिपका, दुसरीकडे हवेत पळणारं 11 सेंटिमीटरचं क्ले, त्याचा वेग आणि अंतर दोन डोळे मिळून सांगतात. ट्रॅपमध्ये बंदूक आधीच खांद्याला असते आणि क्ले समोरून दूर जातं, तिथे डोळा मिटून चांगले स्कोअर करणारे आहेत. स्कीटला मिटायचाच असेल तर क्ले दोन्ही डोळ्यांनी बघा आणि बंदूक गालाला लागतानाच मिटा. जमतं, पण दमलं की टायमिंग चुकतं. बीडला कडा असलेली फायबर नळी मिळते जी फक्त मागूनच दिसते, मी वापरली, पण माझी नजर क्ले सोडून त्या हिरव्या ठिपक्यावर जायला लागली म्हणून काढली.

माझं स्पष्ट मत, तुम्ही फक्त तीन महिने केलंय, डावा डोळा बंदुकीसकट टेस्टमध्ये पक्का निघाला तर खांदा बदला. डावीकडून मारा. मी हे चार वर्षं टेप, मिटलेला डोळा, फायबर सगळं करून एक्केचाळिसाव्या वर्षी केलं आणि आजही वाटतं पहिल्या वर्षी कुणीतरी हट्टाने सांगायला हवं होतं. पहिल्या रविवारी माझे 25 पैकी 4 आले. सेफ्टी सापडत नव्हती, उजवा पाय आपोआप मागे जायचा, गाल स्टॉकवर टेकायच्या आधीच ट्रिगर दाबला जायचा आणि जबड्याला फटका बसायचा. दुसरा आणि तिसरा रविवार असाच. पाचव्या की सहाव्या आठवड्याला सहा नंबरवर हाय हाउसचं क्ले आलं आणि मी काही न करता ते काळ्या धुरासारखं उडालं, बीड मला दिसलाच नव्हता, फक्त क्लेची पुढची कड दिसली होती. चार वर्षांत असं चित्र मला एकदाही दिसलं नव्हतं. तीन महिन्यांत मी माझ्या उजव्या खांद्याच्या ॲव्हरेजला पोचलो आणि मग पुढे गेलो.

हे आठवडे रेंजवर काढू नका, कार्ट्रिज महाग आहेत, घरी काढा. बंदूक घेतलीत की 12 बोअरच्या नळीत घट्ट बसेल अशी बारीक टॉर्च पुढून बसवायची, भिंत आणि छत मिळतात त्या रेषेकडे बघत हळू माउंट करायचं, उजेडाचा गोळा रेषेवरून हलता कामा नये. रोज 30 वेळा, दहा मिनिटं. कार्ट्रिज त्या खोलीतच नकोत, आणि बंदूक कॅबिनेटमध्ये ठेवायच्या आधी टॉर्च काढून नळीतून आरपार उजेड बघायचा, नळीत काही अडकलेलं असताना बार झाला तर नळी फाटते. तोवर क्लबची डावरी बंदूक मागा, बहुतेक ठिकाणी एखादी असते. ओव्हर अँड अंडर (एकावर एक दोन नळ्यांची बंदूक) दोन्ही खांद्यांना चालते, फरक स्टॉकच्या काही मिलिमीटरच्या वळणाचा आणि मुठीच्या फुगीर भागाचा आहे, पण तेवढ्यानेही डोळा रिबच्या (नळीवरच्या पट्टीच्या) मधोमध येत नाही, म्हणून घेताना डावा स्टॉकच घ्या, किंवा ॲडजस्टेबल कोम्ब (स्टॉकचा गाल टेकतो तो वरचा भाग) असलेला, जो दोन्ही बाजूंना सरकवता येतो.

खांदा बदलायचाच नसेल, म्हणजे उजव्या खांद्याला जुनं दुखणं नाही, सवय पक्की आहे, मन होत नाही, तर वर सांगितल्यासारखी टेप लावून प्रामाणिकपणे दोन महिने करा, तोही रस्ता चुकीचा नाही. फक्त दर रविवारी वेगळा उपाय नको.

येत्या रविवारी एवढं करा, चार नंबरवर दहा लो आणि दहा हाय, आधी टेप न लावता, मग टेप नीट लावून. आकडे इथे लिहा, सोबत त्या झाडाच्या शेंड्याच्या टेस्टमध्ये बीड किती सरकला ते पण, मग स्टॉकबद्दल बोलू.