दाखला काढू नका, अर्ज द्या

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा झेडपीच्या शाळेत तिसरीत आहे. दुकानातून सामान आणलं की सुट्ट्या पैशांचा हिशेब चोख देतो, गोष्ट रंगवून सांगतो, पण पुस्तक उघडलं की अडतो. भ आणि म, घ आणि ध यांत गोंधळतो, काना-वेलांटी गाळतो. आणि मुख्याध्यापक म्हणतात, दाखला घ्या आणि तालुक्याच्या मतिमंद शाळेत घाला.

मी समावेशित शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेतच शिकवण्याच्या कामातली, विशेष शिक्षिका म्हणून चौदा वर्षं स्कूटीवर सतरा-अठरा शाळा फिरले. त्या भरवशावर सांगते, दाखल्याच्या अर्जावर सही करू नका.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार अशा मुलाला इतरांबरोबर शिकवणं आणि त्याला लागेल ती मदत देणं हे शाळेचं काम आहे. सरांना हे ठाऊक असतं, म्हणून तर अर्ज तुमच्याकडून हवा असतो. पालकांनीच दाखला नेला की कागदोपत्री कुणी कुणाला काढलेलंच नसतं. सरांचीही बाजू सांगते. दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, वर माहित्या भरायच्या, आणि साहेब आले की पहिला प्रश्न, ‘किती मुलांना वाचता येत नाही?’ त्या आकड्यातून एक मूल कमी झालं तर त्यांना बरंच वाटतं. पण त्याची किंमत तुमच्या लेकराने का मोजायची?

आता निदानाचं. मूल न बघता मी काही ठरवणार नाही, आणि सरांनीही ठरवायला नको होतं. बौद्धिक अक्षमता, म्हणजे सर ज्याला ‘मतिमंद’ म्हणतात ती, वेगळी आणि अध्ययन अक्षमता वेगळी. दुसऱ्या प्रकारात बुद्धी चांगली असते, अक्षरं आणि आवाज यांची सांगड बसत नाही. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत दोन्ही स्वतंत्र मोजलेत. पण या दोन्हींच्याही आधी डोळे आणि कान तपासा. हसू नका, सांगते का ते.

एका वस्तीवरच्या शाळेत दुसरीतली एक मुलगी ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर बसवलेली होती. मी तिच्यासमोर बसून शब्द सांगितले, तिने सगळे बरोबर परत म्हटले. मग तिच्या मागे उभी राहिले, तोंडापुढे हजेरीचा पुठ्ठा धरला आणि तेच शब्द म्हटले. ‘पाटी’ला ती ‘काठी’ म्हणाली, ‘सशा’ला काहीच नाही. ती दोन वर्षं बाईंचे ओठ वाचत होती, आणि बाई फळ्याकडे तोंड करून शिकवत होत्या. पुढे श्रवणयंत्र मिळालं, पहिल्या बाकावर आली. बाईंनाही मग फळ्याकडे वळून न बोलण्याची सवय झाली, ती यंत्रापेक्षा जास्त कामाची ठरली.

ही तपासणी फुकट होते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं, तेव्हा मुलगा हजर असेल असं बघा आणि त्यांना तक्रार स्पष्ट सांगा, नाहीतर वजन-उंची घेऊन निघून जातात. तिथून पुढे ते सिव्हिलला, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवू शकतात.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांच्या नावे साधा अर्ज द्या: ‘माझ्या पाल्यास वाचन-लेखनात अडचण आहे. त्याची विशेष शिक्षकांमार्फत पडताळणी करून वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करावा.’ एक प्रत केंद्रप्रमुखांना, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांना, आणि एक तालुक्याच्या गट साधन केंद्रात, जिथून विशेष शिक्षक येतात. तोंडी सांगितलेलं शाळेत टिकत नाही. बदली होते, आणि नवे सर म्हणतात, आम्हाला काही कल्पना नाही.

विशेष शिक्षक आठवड्यातून एकदा आले तरी नशीब समजा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं, पण आम्ही फिरायचो तेव्हा एकेका शाळेची पाळी पंधरा दिवसांनी यायची. त्यामुळे खरा भार वर्गशिक्षिकेवरच, म्हणून आराखड्यात काय लिहिलंय ते नीट वाचा. ‘वाचनात प्रगती करणे’ असं लिहिलं असेल तर तो कागद फक्त फाइलीत लावण्यापुरता. ‘दिवाळीपर्यंत काना असलेले वीस शब्द न अडखळता वाचणे, रोज दहा मिनिटं, कोण घेणार’ असं असलं की जाब विचारता येतो. आणि ‘दहा वेळा लिहून आण’ ही शिक्षा तेवढी बंद करायला सांगा. चुकीचं अक्षर दहा वेळा गिरवून तेच पक्कं होतं.

दिव्यांग प्रमाणपत्राची घाई नको, पण विसरूही नका. वर्गातल्या मदतीसाठी ते लागत नाही. कुणी ‘आधी कार्ड आणा’ म्हटलं तर ऐकू नका. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र आठ वर्षांच्या आत मिळत नाही, म्हणजे तुमचं आता वेळेवर आहे. युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन असतो, सेतूत भरून देतात. मुंबईकडे असाल तर सायन, केईएम, नायर इथे अध्ययन अक्षमतेचे वेगळे विभाग आहेत. बाकीच्यांनी जिल्हा रुग्णालयात आधी फोन करून प्रमाणपत्र देणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा वार विचारावा. आधारवरचं नाव आणि शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव अक्षरशः सारखं हवं. एका मुलाच्या आडनावात एक ऱ्हस्व-दीर्घ चुकला होता, तेवढ्यावर या प्रमाणपत्रामुळे दहावीच्या परीक्षेत मिळणारा तासामागे वीस मिनिटांचा जादा वेळ अडला. त्याच्या वडिलांनी ऐन परीक्षेच्या महिन्यात चार हेलपाटे घातले.

राहिली विशेष शाळा. त्या वाईट असतात असं मी म्हणणार नाही, काही मुलांसाठी त्याच योग्य. पण त्या दिव्यांग कल्याण विभागाच्या अखत्यारीत, आणि तालुक्याला बहुधा एखादीच, तीही निवासी. आठ वर्षांचं मूल वसतिगृहात ठेवायचं का, हे तपासणीनंतर तुम्ही ठरवायचं. एका वाक्यावरून नाही. सर फारच मागे लागले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा, आणि तिथेही दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे. पण माझ्या अनुभवात दहातली आठ प्रकरणं अर्ज दिल्या दिवशीच मऊ होतात.

फक्त पोच घेतल्याशिवाय उठू नका. तुमच्या प्रतीवर सही, तारीख आणि आवक क्रमांक. शिक्क्याचं पॅड वाळलंय म्हणाले तर म्हणा, चालेल सर, पेनाने लिहून द्या.