बारोलो वाइनमध्ये एवढं काय खास आहे? पहिल्याच घोटाला जीभ कोरडी पडली

तुमचा प्रश्न असा: मिलानहून येताना बारोलोची बाटली आणली, घरी पोचल्यावर लगेच उघडली, तर रंग पातळ आणि पहिल्याच घोटाला हिरड्या आवळल्या. दुकानात तर 'वाइनचा राजा' म्हणून सांगितलं होतं, मग फसवलं का?

फसवलेलं नाही. रंग पातळ आणि चव तुरट, बारोलो अशीच असते. मी कामानिमित्त बरीच वर्षं तोरिनोत (ट्युरिनमध्ये) राहतो, बारोलोच्या जवळचं आल्बा शहर तिथून तासाभराच्या अंतरावर आहे. माझीही पहिली बाटली तुमच्यासारखीच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बारोलो हे पिएमाँते प्रांतातल्या लांगे टेकड्यांमधलं एक छोटं गाव. हे नाव फक्त त्या गावाच्या आणि आसपासच्या गावांच्या, अशा एकूण ११ गावांच्या वाइनला लावता येतं, आणि द्राक्ष एकच, नेब्बिओलो. हे द्राक्ष मोठं हट्टी आहे. वेलीला डोळे फुटतात सगळ्यांच्या आधी आणि पिकतं सगळ्यांच्या शेवटी, ऑक्टोबरात. तोवर दऱ्यांत सकाळी धुकं भरलेलं असतं. 'नेब्ब्या' म्हणजे धुकं, त्यावरून हे नाव पडलं असं तिकडे बरेच जण मानतात. उतार चुकीच्या दिशेला असेल तर ते नीट पिकतच नाही. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेला उतार नेब्बिओलोला आणि उरलेली जमीन दुसऱ्या द्राक्षांना किंवा हेझलनटच्या झाडांना, अशी तिथली वाटणी दिसते.

आता रंगाचं. नेब्बिओलोच्या सालीत रंग कमी आणि टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, भरपूर. लाल वाइन जितकी काळपट तितकी जोरकस, हा आपला समज इथे साफ खोटा ठरतो. पेल्यातून पलीकडचं दिसावं इतकी ही पातळ दिसते, जुनी झाली की कडेला विटकरी होते, आणि तोंडात मात्र अशी पकड घेते की बस्स.

तो तुरटपणा आपल्याला नवा थोडाच आहे? आवळा, कात, जास्त उकळलेला कोरा चहा, सगळं त्याच घराण्यातलं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, म्हणून जीभ कोरडी पडते. जेवणात प्रथिनं आणि स्निग्धांश असले की ते त्यांना धरतं आणि जीभ मोकळी राहते. आवळा खाऊन वर पाणी प्यायलं की कसं गोड लागतं! बारोलोचा घोट गेल्यावर मागे जे रेंगाळतं, त्याने मला दर वेळी तेच आठवतं.

आणि वास! माझं प्रेम जडलं ते वासामुळे. सुकलेल्या गुलाबपाकळ्या आणि डांबर, ही जोडी बारोलोबद्दल नेहमीच सांगितली जाते. मला ती पुस्तकी वाटायची. मग एकदा ओळखीच्या कुटुंबाकडे रविवारच्या जेवणाला गेलो होतो. आजोबांनी सकाळीच बाटली उघडून ठेवली होती. दुपारी पेला नाकाशी नेला आणि खरंच, गुलकंदाची बरणी उघडावी तसा वास, आणि त्याच्या तळाशी मे महिन्यात तापलेल्या नव्या रस्त्याचा. अर्ध्या तासाने त्याच पेल्यात ज्येष्ठमध आला, मग ओल्या पाचोळ्यासारखं काहीतरी. सोबत ताजारीन होत्या, भरपूर पिवळ्या बलकाच्या बारीक शेवया, नुसत्या लोण्यात परतलेल्या. त्या दुपारी तुरटपणा जाणवलाच नाही.

वेळ हा या वाइनचा घटकच आहे. नियमाप्रमाणे ती किमान ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ महिने लाकडी पिंपात. 'रिझेर्वा' लिहायची असेल तर ६२ महिने. तरीही बाजारात येते तेव्हा ती अडनिड्या वयातलीच असते. चांगल्या वर्षाची बारोलो दहा वर्षांनी बोलायला लागते आणि पुढे वीस-तीस वर्षंही टिकते.

या वाट बघण्यावरून तिथे घराघरांत भांडणं झाली आहेत. ८०च्या दशकात काही तरुण उत्पादकांनी रस सालीसोबत थोडेच दिवस ठेवून, नव्या ओकच्या छोट्या फ्रेंच पिंपांत मुरवून लवकर पिता येईल अशी बारोलो काढली. एलिओ आल्तारे यांनी तर वडिलांची जुनी मोठी पिंपं यांत्रिक करवतीने कापून टाकली. उलट बार्तोलो मास्कारेल्लो मोठ्या पिंपांना चिकटून राहिले आणि त्यांनी हाताने रंगवलेल्या लेबलवर छोट्या पिंपांना आणि इटलीतले राजकारणी बेर्लुस्कोनी यांना एकदमच 'नको' लिहिलं. आज दोन्ही बाजू बऱ्याच जवळ आल्या आहेत. माझा कौल मोठ्या पिंपांना. नव्या लाकडाचा व्हॅनिलासारखा वास गुलाबाला झाकतो, असं मला वाटतं.

पुढची बाटली घ्याल तेव्हा लेबलवरचं गाव बघा. ला मोर्रा आणि बारोलो गावाकडची साधारण मऊ, सुगंधी, लवकर उमलणारी. सेर्रालुंगा आणि मोंफोर्तेकडची कडक, सबुरी मागणारी. लगेच प्यायची असेल तर 'लांगे नेब्बिओलो' घ्या. द्राक्ष तेच, किंमत बरीच कमी, आणि स्वभाव मोकळा.

तापमान सांभाळा. पुस्तकांत 'खोलीच्या तापमानाला' लिहितात ती खोली युरोपातल्या जुन्या दगडी घराची. हवंय १६ ते १८ अंश, तेव्हा आपल्याकडच्या उन्हाळ्यात बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवाच. स्वयंपाकघरातल्या फळीवर वर्षभर ठेवलेली बारोलो मुरत नाही, उकडते. उघडल्यावर दोन-तीन तास मोठ्या भांड्यात ओतून ठेवा. आणि कृपा करून मिसळ किंवा तांबड्या रश्शासोबत पिऊ नका, तिखटाने तुरटपणा आणखी टोचतो. कमी तिखटाचं, तुपात परतलेलं सुकं मटण, मश्रूमचा रिसोट्टो किंवा नुसतं जुनं चीज चालेल.

तुमच्या त्या बाटलीत अजून काही उरलं असेल तर ओतून देऊ नका. बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि उद्या जेवताना पुन्हा एक घोट घ्या. कोवळी बारोलो पुष्कळदा दुसऱ्या दिवशीच जास्त चांगली लागते.