अलास्काची नुसती क्रूझ करावी की जमिनीवरचा प्रवासही जोडावा?

आपण विचारले आहे की, पुढच्या उन्हाळ्यात पुण्याहून येणाऱ्या सत्तरीतल्या, पण चालत्याफिरत्या आईवडिलांना अलास्का दाखवायचे तर सात दिवसांची क्रूझ पुरेशी होईल, की तिला जोडून जमिनीवरचे चार-पाच दिवसही घ्यावेत. मी सिएटलजवळ राहते आणि माझ्या आईबाबांना घेऊन हा दोन्ही भागांचा प्रवास केला आहे. रजा आणि खर्च यांची जुळणी होत असेल तर जमिनीवरचा भाग अवश्य घ्यावा, तो क्रूझच्या आधी घ्यावा आणि त्यात अंतर्भागातल्या देनाली राष्ट्रीय उद्यानाला निदान दोन रात्री द्याव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. पैशांची काटकसर करावी लागलीच तर ती जहाजावरच्या केबिनमध्ये करावी, देनालीच्या मुक्कामात करू नये.

अलास्काचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या सुमारे साडेपाच पट आहे आणि २०२० च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या ७,३३,३९१ होती. २०११ साली एकट्या नाशिक शहरात याच्या दुप्पट माणसे राहत होती. क्रूझ या प्रचंड प्रदेशाच्या आग्नेयेकडील चिंचोळ्या किनारपट्टीने जाते. बेटे, दाट ओले जंगल, समुद्रात उतरणाऱ्या हिमनद्या आणि देवमासे हे सगळे तिथे आहे, आणि ते फार सुंदर आहे. पण झाडे संपून जिथे नुसती टुंड्रा सुरू होते, मैलोन्‌मैल घर दिसत नाही आणि अस्वल, कॅरिबू (रानटी रेनडिअर), लांडगे मोकळे फिरतात, तो अंतर्भाग जहाजावरून दिसत नाही. शिवाय जुलैत एखाद्या छोट्या बंदरात एकाच दिवशी तीन-चार मोठी जहाजे उभी असतात आणि गावातल्या माणसांपेक्षा पाहुणेच जास्त असतात. निर्जनतेची ओढ असणाऱ्या माणसाला तेवढ्यावर समाधान मिळणार नाही.

जहाज निवडताना कंपनीच्या नावापेक्षा मार्ग पाहावा, आणि मार्गात ग्लेशियर बे आहे की नाही हे सर्वांत आधी पाहावे. या राष्ट्रीय उद्यानात दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, त्यामुळे सगळ्या सफरी तिथे जात नाहीत. १७९४ साली कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेने हा किनारा पाहिला तेव्हा इथे जेमतेम पाच मैल आत गेलेला खळगा होता आणि त्यापुढे बर्फाची भिंत होती. १८७९ साली निसर्गलेखक जॉन म्यूर होडीतून आला तोवर ती भिंत चाळीसहून अधिक मैल मागे सरकली होती, आणि आज खाडी सुमारे ६५ मैल आत जाते. त्याआधी, अठराव्या शतकात, हीच हिमनदी पुढे सरकत आल्यामुळे हूना त्लिंगिट या मूळ रहिवाशांना इथली आपली गावे सोडून जावे लागले होते. सकाळी उद्यानाचे रेंजर लहान बोटीने येऊन चालत्या जहाजावर दोरीच्या शिडीने चढतात आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून माहिती देतात. ही सगळी हकिगत त्यांच्याकडून ऐकावी. आईवडिलांना इंग्रजीची अडचण असेल तर शेजारी बसून मराठीत सांगत राहावे, कारण ती समजल्यावर समोरच्या बर्फाकडे पाहण्याची नजर बदलते.

याच खाडीतल्या मार्जरी हिमनदीसमोर जहाज बराच वेळ थांबते आणि सावकाश वळते, म्हणून केबिन कोणत्या बाजूची आहे याला तिथे महत्त्व नाही. तिथे केबिनमध्ये बसूच नये, उघड्या डेकवर यावे. हिमनदीचे तोंड सुमारे एक मैल रुंद आहे आणि ती पाण्यावर अंदाजे अडीचशे फूट उंच उभी आहे. बर्फ पांढरा असेल अशी आपली अपेक्षा असते, पण ताज्या भेगांमध्ये तो गडद निळा दिसतो. कडा कोसळतो तेव्हा आधी तो पडताना दिसतो आणि गडगडाट दोन-तीन क्षणांनी कानावर येतो. तेवढ्यावरून अंतराचा अंदाज येतो. मला अधिक आठवतो तो पाण्यावर तरंगणाऱ्या लहान तुकड्यांचा आवाज. बर्फात शतकानुशतके दाबली गेलेली हवा सुटताना सगळीकडून बारीक तडतड ऐकू येते, आणि डेकवरची माणसे गप्प असतील तरच ती कळते.

ग्लेशियर बे मिळाला नाही तर हबर्ड हिमनदीचा मार्ग घ्यावा. तिचे समुद्राकडचे तोंड सुमारे सहा मैल रुंद आहे आणि बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ती पुढे येत आहे. बंदरांपैकी केचिकनला पावसाची तयारी ठेवावी. कोकणातल्या माणसाला पावसाचे अप्रूप नसते हे खरे, पण इथला पाऊस चार महिन्यांत कोसळून संपत नाही, तो वर्षभर गारठ्यासह झिरपत राहतो. जूनो ही राज्याची राजधानी असूनही बाहेरून तिथे एकही रस्ता जात नाही. विमानाने किंवा जहाजानेच जावे लागते. तिथे देवमासे पाहण्याची बोट घ्यावी, कारण हवाईकडे हिवाळा काढलेले हंपबॅक जातीचे देवमासे उन्हाळ्यात खाण्यासाठी या पाण्यात येतात आणि ते दिसण्याची शक्यता फार चांगली असते. स्कॅगवेला व्हाइट पास रेल्वे घ्यावी. कॅनडातल्या क्लाँडाइकच्या सोन्यामागे धावलेल्या लोकांसाठी १८९८ ते १९०० या काळात बांधलेली ही तीन फुटी रुळांची गाडी आहे, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीपेक्षा एक फूट रुंद, आणि वीसेक मैलांत ती जवळजवळ तीन हजार फूट चढते. ज्येष्ठांना बसल्या जागी डोंगर दाखवणारी याहून चांगली सोय त्या गावात नाही.

आता क्रमाविषयी. सिएटलहून निघून सिएटललाच परत येणाऱ्या सफरी स्वस्त आणि सोप्या असतात, पण त्यांना जमिनीवरचा प्रवास नीट जोडता येत नाही. त्यासाठी एकमार्गी सफर लागते, आणि ती एका बाजूला कॅनडातले व्हँकुव्हर व दुसऱ्या बाजूला अलास्कातले व्हिटियर किंवा सुअर्ड या बंदरांमध्ये होते. यामागे १८८६ चा एक अमेरिकी कायदा आहे. परदेशी ध्वज लावलेल्या जहाजाला अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी चढवून दुसऱ्या अमेरिकी बंदरात त्यांचा प्रवास संपवता येत नाही, आणि जवळजवळ सगळी मोठी क्रूझ जहाजे परदेशी ध्वजाची असतात. बरेच लोक उत्तरेकडे जाणारी सफर आधी घेतात. मी उलट सुचवते: विमानाने थेट अलास्काच्या अंतर्भागातल्या फेअरबँक्स शहरात जावे, तिथून देनाली, मग अँकरेज, आणि शेवटी व्हिटियर किंवा सुअर्डला जहाज पकडून दक्षिणेला व्हँकुव्हरला उतरावे. जमिनीवर पहाटे उठणे, सामान बांधणे, बसचे लांब प्रवास हे सगळे असते, आणि ते अंगात ताकद असताना उरकलेले बरे. त्यानंतर जहाजावर एकदा पेटी उघडली की आठवडाभर ती आवरावी लागत नाही. माझ्या आईचे गुडघे जहाजावर आल्यावर दोन दिवसांत सुधारले. क्रम उलटा असता तर देनालीत तिला त्रास झाला असता.

देनाली राष्ट्रीय उद्यानात ९२ मैलांचा एकच रस्ता आहे आणि खासगी गाडीला उन्हाळ्यात पहिल्या पंधरा मैलांपर्यंतच जाता येते. पुढे उद्यानाच्या बसनेच जावे लागते. या एका नियमामुळे ते रान रान राहिले आहे असे मला वाटते, म्हणून त्याविषयी कुरकुर करू नये. प्रिटी रॉक्स येथे डोंगरउतार सरकत असल्यामुळे ऑगस्ट २०२१ पासून रस्ता जवळपास निम्म्यावर बंद झाला आणि तिथे पूल बांधण्याचे काम हाती घेतले गेले. गेल्या काही हंगामांत बस त्रेचाळिसाव्या मैलापर्यंतच जात आली आहे, म्हणून आरक्षण करताना आपल्या वर्षीची स्थिती उद्यानाच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावी. बसचे दोन प्रकार आहेत. एकीत चालक सविस्तर माहिती सांगतो आणि खाण्याचे काही मिळते. दुसरी साधी आणि स्वस्त असते, तिच्यातून वाटेत उतरून मागून येणाऱ्या बसमध्ये जागा असेल तर चढता येते. आईवडिलांसाठी पहिली घ्यावी.

बसमध्ये नियम असा की, ज्याला प्राणी दिसेल त्याने मोठ्याने ‘थांबा’ म्हणायचे. मग चालक बस उभी करतो, इंजिन बंद करतो आणि सगळ्यांनी आवाज आणि हात आत ठेवायचे. आमच्या बसमध्ये पलीकडच्या खिडकीतल्या बाईंना उतारावर अस्वल दिसले. मला तो बराच वेळ तपकिरी खडक वाटत होता. मग त्याने पुढच्या पंजांनी मातीचे ढेकूळ उलथवले, मुळे खाल्ली आणि आमच्याकडे एकदाही न पाहता दुसरीकडे उकरायला सुरुवात केली. आम्ही दुर्बिणी हातोहात फिरवत होतो. दुर्बीण प्रत्येकाला एक हवी. या प्रवासात कॅमेऱ्यापेक्षा तिचा उपयोग जास्त होतो. वाटेत दुकान नाही, म्हणून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर ठेवली होती. स्वच्छतागृहांसाठी बस ठरलेल्या जागी थांबते, त्याची काळजी नको.

देनाली शिखर ६,१९० मीटर उंच आहे, पण भोवतालचा मैदानी प्रदेश खूपच सखल असल्याने ते डोळ्यांना प्रचंड दिसते. मात्र ते स्वतःचे ढग तयार करते आणि उन्हाळ्यात येणाऱ्या तीन पाहुण्यांपैकी साधारण एकालाच दर्शन देते. दोन-तीन रात्रींचा माझा आग्रह त्यासाठीच आहे. एका रात्रीच्या मुक्कामात दर्शन होणे निव्वळ नशिबावर राहते. (संघराज्य सरकारने २०२५ साली शिखराचे अधिकृत नाव पुन्हा मॅकिन्ली केले, त्यामुळे कागदपत्रांत दोन्ही नावे आढळतील, उद्यानाचे नाव देनालीच आहे.) एखादी दुपार मोकळी असेल तर रेंजरांचे स्लेज ओढणारे कुत्रे पाहायला जावे. हिवाळ्यात उद्यानाची गस्त आजही या कुत्र्यांच्या मदतीने घातली जाते, आणि माझ्या बाबांना संपूर्ण सहलीत तेच सर्वांत आवडले.

फेअरबँक्सला एक पूर्ण दिवस पुरतो. तिथून जवळच १९७७ साली पूर्ण झालेली, आठशे मैल लांबीची तेलवाहिनी रस्त्यालगत पाहता येते. बारमाही गोठलेली जमीन तेलाच्या उष्णतेने वितळून खचू नये म्हणून तिथे ती खांबांवर उचलली आहे, आणि खांबांतल्या अमोनियाच्या नळ्या हिवाळ्यात जमिनीतली उष्णता वर खेचून बाहेर टाकतात. खांबांच्या माथ्यावरच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांकडे पाहताना इथली जमीन किती वेगळी आहे हे पटते. फेअरबँक्सहून देनालीला आणि पुढे अँकरेजला रेल्वेने जावे, रस्त्याने नव्हे. काचेच्या छताचा डबा महाग पडतो, तरी एका टप्प्यासाठी घ्यावाच. देनालीच्या दक्षिणेला हरिकेन गल्च या घळीवरचा जवळजवळ तीनशे फूट उंच पूल ओलांडताना गाडीचा वेग कमी करतात.

हंगाम मे ते सप्टेंबर असा असतो. मे महिन्यात किनाऱ्यावर पाऊस तुलनेने कमी असतो, पण देनालीचा हंगाम पुरता सुरू झालेला नसतो. जूनमध्ये फेअरबँक्सला सूर्य मध्यरात्रीनंतर मावळतो आणि खरा अंधार पडतच नाही. ज्येष्ठांना झोपेसाठी डोळ्यांवर बांधायची पट्टी न्यावी, डासांसाठी मलमही न्यावे. मला स्वतःला ऑगस्टचा शेवटचा आठवडा योग्य वाटतो. टुंड्रा लाल-पिवळी होते, डास ओसरतात आणि आकाश निरभ्र असेल तर फेअरबँक्सला उत्तरध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. फक्त पाऊस आणि गारठा वाढलेला असतो. एका जाड कोटापेक्षा आत उबदार, मध्ये लोकरीचे आणि वर जलरोधक असे तीन थर सोयीचे पडतात.

सगळे क्रूझ कंपनीकडूनच घ्यावे की स्वतः आखावे, याचे उत्तर माणसांवर अवलंबून आहे. स्वतः आखले तर स्वस्त पडते आणि देनालीला हवे तितके राहता येते. पण कंपनीच्या एकत्रित सहलीत पेट्या परस्पर पुढच्या मुक्कामी पोहोचतात आणि गाडी उशिरा आली तर जहाजाची चिंता त्यांना असते. सत्तरीतल्या आईवडिलांबरोबर मी एकत्रित सहलच घेईन, मात्र ज्या आराखड्यात देनालीला एकच रात्र आहे तो नाकारेन. शाकाहारी किंवा जैन जेवण आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवावे; जहाजावर व्यवस्था चांगली होते, पण जमिनीवरच्या लॉजमध्ये पर्याय थोडे असतात.

व्हिसाचे काम सर्वांत आधी करावे. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या आईवडिलांचा प्रवास व्हँकुव्हरला संपत असल्याने अमेरिकेच्या व्हिसाबरोबर कॅनडाचाही व्हिसा हवा, आणि तिथून पुन्हा अमेरिकेत यायचे असल्यास अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असल्याची खात्री करावी. आपल्याकडे ग्रीन कार्ड असेल तर आपल्याला कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण ती सवलत आईवडिलांना मिळत नाही. कॅनडाचा अर्ज पुण्याहूनच, निघण्याच्या कित्येक महिने आधी भरायला सांगावा. जहाजाची तारीख ठरली की देनालीची बस आणि रेल्वेतली काचेच्या छताच्या डब्यातली जागा लगेच राखून ठेवावी, कारण जहाजावर ऐनवेळी केबिन मिळू शकते, पण या दोन ठिकाणच्या चांगल्या वेळा आधी भरतात.