पेटीतला पितळी मायक्रोस्कोप

प्रश्न : पणजोबाच्या संदुकीत पितळेचा छोटा मायक्रोस्कोप भेटला, खांब डबीच्या झाकणावरच पेचानं बसते, वर ‘कॅरी, लंडन’ कोरलं आहे. आई म्हणते चिंच लावून घास. घासू का? – एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : बावा, चिंचेला हात लावू नको! असा डबीवर उभा राहणारा खिशातला मायक्रोस्कोप लंडनच्या कॅरीच्या दुकानात १८२० च्या दशकात चार्ल्स गूल्डनं काढला, भिंगं एकावर एक फिरवून बसवली की मोठं दिसते. त्याचा सोनेरी रंग म्हणजे गरम पितळेवर दिलेलं लाखेचं पॉलिश, चिंचेनं घासलं तर ते निघून जाईल; ही तीच लाख जी आपल्या गोंदियाकडे पळसावर होते, आणि ती स्पिरिटात विरघळते म्हणून स्पिरिटही नको. कोरड्या मऊ ब्रशनं धूळ झटक, बस.