नोटर डेमच्या फुटबॉल संघाचे सर्वश्रेष्ठ मुख्य प्रशिक्षक कोण?

अमेरिकेतील नोटर डेम विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघापुरते बोलायचे तर माझ्या मते हा मान नूट रॉकनी यांचाच आहे. १९१८ ते १९३० या तेरा हंगामांत त्यांच्या संघाने १०५ सामने जिंकले, केवळ १२ गमावले आणि ५ बरोबरीत सोडवले; ३१ मार्च १९३१ रोजी कॅन्सासमधील विमान अपघाताने त्यांना ४३व्या वर्षीच हिरावून नेले, याची हळहळ आजही वाटते. त्यांच्याच हाताखाली खेळलेले फ्रँक लेही पुढे मुख्य प्रशिक्षक झाले आणि युद्धकाळात नौदलात गेल्यामुळे दोन हंगाम दूर राहूनही त्यांनी चार राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. नंतरच्यांत आरा पार्सेगियन (१९६६, १९७३), डॅन डिव्हाइन (१९७७) आणि लू होल्ट्झ (१९८८) हे विजेते ठरले.