गाठ तेवढीच, पण एडीसी वाढला. केमो लागू पडतेय का?

तुम्ही लिहिलंय की आईच्या स्तनाच्या कॅन्सरला ऑपरेशनआधीची केमो चालू आहे. मधल्या एमआरआयमध्ये गाठ ३.६ सेंमीवरून जेमतेम ३.४ झाली, एडीसी (गाठीत पाणी किती मोकळं फिरतं याचा आकडा) मात्र ०.९ वरून १.३ वर गेला. मी मिरजेत एमआरआय टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. औषधाबद्दल बोलणार नाही, पण हा आकडा कुठून येतो ते रोज बघतो.

एमआरआयच्या डिफ्युजन या भागात मशीन पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपतं. गाठीत पेशी इतक्या खच्चून भरलेल्या असतात की पाण्याला हलायला जागा नसते. आषाढीला मिरजेहून पंढरपूरला सुटणाऱ्या गाडीत असते तशी गत. म्हणून एडीसी कमी येतो. केमोने पेशी मरायला लागल्या, त्यांची आवरणं फुटली, की पाणी मोकळं फिरतं आणि आकडा चढतो. मेलेल्या पेशींचा राडा उचलायला शरीराला वेळ लागतो, त्यामुळे गाठीचं माप मागाहून उतरतं. तुमचा रिपोर्ट त्याच दिशेचा वाटतो.

लगेच पेढे वाटू नका मात्र. स्तनाच्या एडीसीत १३ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या मोजमापातलाही असू शकतो. तुमचा त्याहून बराच जास्त आहे, हे खरं. पण अमेरिकेतल्या एक्रिन ६६९८ चाचणीत (निष्कर्ष २०१८ चे) १२ आठवड्यांनंतरच्या एडीसीवरूनही गाठ पूर्ण जाईल का याचा अंदाज बेताचाच बांधता आला. शेवटचा शब्द ऑपरेशननंतरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टचाच.

मला शंका वेगळीच आहे. दोन्ही एमआरआय एकाच सेंटरला झालेत का? जत-आटपाडीकडची मंडळी पहिला इथे करतात आणि दुसरा पाहुण्यांच्या ओळखीने पुण्यात. मशीन बदललं, बी-व्हॅल्यू (डिफ्युजनची मशीनवरची सेटिंग) बदलल्या, की दोन आकडे शेजारी ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही. दोन्ही सीडी (फिल्म नव्हे) रेडिओलॉजिस्टना दाखवा आणि सेटिंग सारखं होतं का, तेवढं विचारा.

आणखी एक. या तपासणीत बाईला पालथं झोपवतात. डिफ्युजन सुरू झालं की आवाज एकदम बदलतो, टेबल थरथरतं, बायका दचकून खांदा हलवतात आणि चित्र फिसकटतं. पुढच्या वेळी आईला हे आधीच सांगून ठेवा. खोकला असेल तर आत जाण्याआधी टेक्निशियनच्या कानावर घाला; पाच मिनिटं थांबायला आमची ना नसते.