ओहायोचं जोडपं न्यूयॉर्कला जाऊन पुरतं हैराण होतं, तो जुना विनोदी चित्रपट कोणता?

तो १९७० चा ‘द आउट-ऑफ-टाउनर्स’. जॅक लेमन आणि सँडी डेनिस, पटकथा नील सायमनची. तुमचं वर्णन त्याच्याशी तंतोतंत जुळतं: नवऱ्याच्या मुलाखतीसाठी निघालेलं विमान धुक्यामुळे बोस्टनला उतरतं, पुढे उपाशीपोटी रेल्वेप्रवास, न्यूयॉर्कात संप, रस्तोरस्ती कचऱ्याचे ढीग आणि वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरियातली बुक केलेली खोली भलत्यालाच दिलेली! जो आडवा येईल त्याचं नाव लिहून घेत ‘कोर्टात खेचतो’ म्हणणारा लेमन तर भन्नाटच. फक्त, हॉटेलचा मॅनेजर म्हणून जॉन क्लीज आठवत असेल, तर तुम्ही पाहिलात तो १९९९ चा रिमेक, स्टीव्ह मार्टिन आणि गोल्डी हॉनचा. तो जरा गुळगुळीत आहे, जुनाच शोधा.